केट्टूच्या शाळेला काही नको होतं

केट्टू गावात माणसाला कॉफी पाजायची तर तीनदा विचारावं लागतं. पहिल्यांदा तो म्हणतो, "छे छे, आत्ताच घेऊन निघालो." दुसऱ्यांदा म्हणतो, "उगाच कशाला त्रास." तिसऱ्यांदा विचारलं की तोच गृहस्थ म्हणतो, "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप," आणि दोन कप रिचवून उठतो. पहिल्या फेरीतच हो म्हणणारा एकतर आजारी असतो, नाहीतर दक्षिणेकडून आलेला. उत्तर मिनेसोटात हे कुणी कुणाला शिकवत नाही. पोरं बोलायला लागतात तीच मुळी "नको" पासून.

मार्लिस तुओमिनेन या गावात एकसष्ट वर्षं "नको नको" म्हणत जगली होती. त्यातली एकतीस वर्षं तिने गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. अख्ख्या गावाची दोन पिढ्यांची पोटं तिच्या हाताखालून गेली होती, आणि कुठल्या पोराला मटार आवडत नाहीत हे त्याच्या आईआधी तिला कळत असे. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याने शाळा बंद केली. तेव्हापासून त्रेचाळीस पोरं बसने ब्रॅनिगनला जायला लागली, जायला सत्तर मिनिटं आणि यायला सत्तर. हिवाळ्यात निघतानाही अंधार आणि परततानाही अंधार. मार्लिस घरी बसली. एका माणसापुरता रस्सा करायला तिला अजून जमत नव्हतं; वीस जणांचा व्हायचा आणि मग ती तो शेजारपाजारी वाटत फिरायची. शेजारी अर्थातच आधी दोनदा नको म्हणायचे.

तिला ते स्वयंपाकघर परत हवं होतं. इतकं हवं होतं की रात्री स्वप्नात तिला भांडी दिसायची. पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगणं म्हणजे मागणं, आणि मागणं म्हणजे केट्टूत कपडे न घालता पोस्टात जाण्यासारखं आहे.

मग गावाच्या कानावर चार्टर शाळेचं आलं. पैसा सरकारचा, कारभार गावाचा, फी कुणाला नाही. परवानगी मिळाली की सरकार नवी शाळा उभी करायला पहिल्या तीन वर्षांसाठी वेगळी रक्कम देतं. बाकं, पुस्तकं, शिक्षकांची तयारी, असलं सगळं त्यात येतं. परवानगी मिळालीही. उरली ती रक्कम, आणि तिच्याशिवाय शाळेचं दार उघडणं अशक्य होतं. त्यात घाई होती. शाळेची रिकामी इमारत विकत घ्यायला शहरातला एक माणूस टपला होता, त्याला तिथे हिवाळ्यात श्रीमंतांच्या बोटी ठेवायच्या होत्या. जिल्ह्याने त्याला एक मेपर्यंत थांबवून धरलं होतं, बस्स.

गावाने समिती केली. अध्यक्ष कोण होणार असं विचारल्यावर सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. मार्लिस तेवढ्यात कॉफी उकळली का बघायला मान वर करून बसली, आणि अध्यक्ष झाली. खजिनदार झाला डेल्बर्ट राऊतिओ. त्याचं गळाला लावायच्या माशांचं आणि किड्यांचं दुकान, तेव्हा हिशेब त्याला येत असणार असं गावाने ठरवलं. मुख्याध्यापिका म्हणून नाव दिलं जोलीन स्कारस्टॅडचं. जोलीन इथेच वाढलेली, तिशीची, तल्लख, आणि केट्टूत जन्मलेल्या माणसाच्या मानाने फारच तिखट. ब्रॅनिगनच्या शाळेत ती शिकवत होती आणि डुलुथहून तिला मोठ्या पगाराचं बोलावणं आलेलं होतं. इथलं जमलं नाही तर ती जाणार होती, आणि त्यासाठी तिला कुणी दोषही दिला नसता.

अर्ज चौऱ्याण्णव पानांचा झाला. सरकारला प्रत्येक गोष्टीचं उद्दिष्ट हवं असतं, आणि प्रत्येक उद्दिष्ट मोजता यायला हवं. "मुलं आनंदी असतील" असं लिहिलं तर चालत नाही; किती टक्के आनंदी, कधीपर्यंत, आणि पुरावा काय. समितीने हे सगळं निमूटपणे भरलं. मग खर्चाचं पान आलं, आणि तिथे आमचं गाव खरं रंगात आलं. ज्याने त्याने आपापल्या गरजेचं खोडायला घेतलं. जोलीनने नकाशे खोडले. डेल्बर्टने नवीन हीटर खोडून "जुना दुरुस्त करू" असं लिहिलं. तो हीटर त्याच्या आजोबांनी बसवलेला होता. मार्लिसने पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराची अख्खी ओळ खोडली.

"अगं, मग पोरं खाणार काय?" डेल्बर्टने विचारलं.

"डबे आणतील. सवय झालीय त्यांना."

खरं कारण निराळं होतं. स्वयंपाकघर मागितलं तर लोकांना वाटलं असतं, ही बाई स्वतःच्या नोकरीसाठी धडपडतेय. म्हणालं कुणीच नसतं. पण केट्टूत माणूस जे म्हणत नाही तेच सगळ्यांना ऐकू येतं.

फेब्रुवारीत राजधानीहून तपासणीला माणूस आला. नाव डॉमिनिक बटाग्लिया. मूळचा न्यू जर्सीचा, मिनेसोटात येऊन पाच आठवडे झालेले, आणि बाहेर उणे अठ्ठावीस असताना पायात पातळ चामड्याचे बूट. तो दारातून आत येताच मार्लिसने विचारलं, "कॉफी घेणार?"

"हो, द्या," तो म्हणाला.

मार्लिस किटली धरून उभीच राहिली. पुढच्या दोन वेळा विचारायच्या तिच्या तोंडातच राहिल्या.

सभागृहात सारं गाव लोटलं होतं. इतकी माणसं आमच्याकडे मयतालासुद्धा येत नाहीत. पण पुढच्या तीन रांगा आमच्या रिवाजाप्रमाणे रिकाम्या होत्या, कारण पुढे बसणं म्हणजे मिरवणं. सगळे मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे. बटाग्लियाने त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी टिपलं. ताटलीत लिंबाच्या वडीचा एकच तुकडा उरला होता. अशा शेवटच्या तुकड्याला आमच्याकडे कुणी हात लावत नाही, फार तर अर्धा कापून अर्धा ठेवतात, मग त्याचाही अर्धा. या गृहस्थाने तो उचलून तोंडात टाकला. मागच्या भिंतीकडून एक सुस्कारा आला.

"मला सरळ सांगा," तो खात खात म्हणाला. "या पैशांची तुम्हाला कितपत गरज आहे?"

शेवटी डेल्बर्टने घसा साफ केला. "तसं आमचं चाललंय."

"म्हणजे गरज नाही?"

"तसं नाही. पण आमच्यापेक्षा गरजू गावं असतील की."

भिंतीलगतच्या साठ माना एकदम डोलल्या. याहून कळवळून कुणी कधी काही मागितलं नव्हतं. बटाग्लियाने ते लिहून घेतलं.

"मुलं रोज दोन तास वीस मिनिटं बसमध्ये असतात. त्याचा त्रास होत असेल?"

सहा वर्षांच्या वेंडेलची आई बोलली. "झोपतात बसमध्ये. तेवढाच आराम मिळतो त्यांना."

त्याने तेही लिहून घेतलं. मग त्याने इमारत बघायला मागितली. मार्लिस त्याला घेऊन फिरली. स्वयंपाकघरापाशी आल्यावर तो थांबला. मोठी शेगडी लखलखत होती. पहाटे येऊन मार्लिसने ती घासली होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. शेगडीच्या मागे मात्र गॅसची नळी तुटलेली होती आणि फ्रिजचं दार दोरीने बांधलेलं.

"हे अर्जात दिसलं नाही," तो म्हणाला. "दुपारचं जेवण देणार नाही तुम्ही?"

"डबे आणतात पोरं. ठीक आहे ते."

"नक्की? काही लागणार नाही?"

"नाही नाही. काही नको."

हे दोनदा झालं. मार्लिस तिसऱ्याची वाट बघत उभी राहिली. तिच्या जिभेवर "आता तुम्ही म्हणताच आहात तर" अगदी तयार होतं. बटाग्लियाने पान उलटलं आणि विचारलं, "प्रसाधनगृहं कुठे आहेत?"

तो गेल्यावर गाव खुशीत होतं. माणूस बरा आहे, जरा घाईचा आहे, परत विचारेलच, असं ठरलं. जोलीन तेवढी कपाळाला हात लावून बसली होती. ती चार वर्षं ओहायोत शिकून आलेली.

"मिसेस टी," ती मार्लिसला शाळेतल्या जुन्या हाकेने म्हणाली, "तो परत विचारणार नाही. तिकडे लोक एकदाच विचारतात."

"एकदाच?" मार्लिसला खरंच नवल वाटलं. "मग उत्तर काय आहे ते त्यांना कळतं कसं?"

मार्चमध्ये पत्र आलं. अर्ज नामंजूर. प्रत्येक मुद्द्याला चारपैकी गुण दिले होते. अभ्यासक्रमाला चार, हिशेबाला चार, गरजेला एक, गावाच्या उत्साहाला एक. खाली शेरा होता: अर्जदारांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार सध्याची व्यवस्था समाधानकारक आहे.

डेल्बर्टने दुकानात, माशांच्या टाकीपाशी उभं राहून पत्र दोनदा वाचलं. "यात चूक काय आहे पण?" तो म्हणाला. "शब्द न् शब्द आपलाच आहे."

मार्लिस हसली नाही. तिला दोन वर्षांपूर्वीची बैठक आठवत होती. जिल्ह्याचे लोक तिच्याच स्वयंपाकघरात उभे होते, त्यांच्या साहेबाने तिलाच विचारलं होतं, "शाळा बंद केली तर फार गैरसोय होईल का हो?" तिच्या हातात वेलदोड्याच्या पावांचा ट्रे होता. ती म्हणाली होती, "जमवून घेऊ आम्ही." आणि वर त्यांना पाव दिले होते. त्यांनी घेतलेही, पहिल्या फेरीत. आजवर ती जिल्ह्याला मनातल्या मनात शिव्या घालत आली होती. त्या दिवशी माशांच्या टाकीपाशी तिला कळलं, की निम्म्या शिव्या चुकीच्या पत्त्यावर जात होत्या. तिला स्वतःचा असा संताप आला की पायातले बूट तिला तंग वाटायला लागले.

अपील करता येत होतं. राज्याच्या राजधानीत, सेंट पॉलला जायचं, पंधरा मिनिटं मिळतात, समितीचे दोघेच बोलू शकतात, आणि अर्जात ज्याचा पगार लिहिलेला आहे त्याने बोलायचं नाही. म्हणजे जोलीन बाद. ती मार्लिसला तयार करायला रोज संध्याकाळी यायला लागली.

"म्हणा, आम्हाला पैसे हवेत."

"आम्हाला पैसे मिळाले तर बरं होईल."

"बरं होईल नाही. हवेत."

"मुलांना हवेत," मार्लिस म्हणाली. हे जमलं. "गावाला हवेत." हेही जमलं, जरा अडखळत. "मला..." आणि गाडी तिथे रुतली. "मला चालतील."

जोलीनने वही टेबलावर आपटली. "चालतील, चालतील! चालेल चालेल करत शाळा घालवलीत तुम्ही लोकांनी. मी जाते डुलुथला, ते तरी स्पष्ट बोलतात."

मग तिचे डोळे भरले आणि ती म्हणाली, "सॉरी, मिसेस टी."

"सॉरी नको म्हणू," मार्लिस म्हणाली. "उद्या परत ये."

तिकडे डेल्बर्ट टाकीतल्या माशांसमोर सराव करत होता. "पैसे द्या" एवढंच म्हणायचं होतं. त्याच्या तोंडून "सवडीने" आपोआप पुढे लागायचं. गिऱ्हाइकं ऐकून जायची, आणि दोघांनी तर त्याची उधारी चुकती करून टाकली.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी दोघं पहाटे निघाले आणि चार तास गाडी चालवून पोचले. खोलीत लांब टेबलामागे तिघं होती. मधे अध्यक्षा आर्डिस क्वाम, साठीच्या, पश्चिम मिनेसोटातल्या बीटच्या शेतावर वाढलेल्या. एका बाजूला बटाग्लिया, आता जाड बुटांत. दुसऱ्या बाजूचे गृहस्थ शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्यांच्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

"रस्ता बरा होता ना?" क्वामबाईंनी विचारलं.

हे विचारायला नको होतं. डेल्बर्टने रस्त्याचं, बर्फ वितळण्याचं आणि हिंकलीपाशी मिळालेल्या बन्सचं असं साग्रसंगीत वर्णन सुरू केलं की पंधरातली चार मिनिटं तिथेच गेली. मार्लिस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

बटाग्लियाने कागद पुढे ओढले. "फेब्रुवारीत तुम्ही मला सांगितलंत की सध्याचं ठीक चाललंय. मी ते तुमच्या शब्दांत लिहिलंय. त्यानंतर काय बदललं?"

"काही नाही," मार्लिस म्हणाली. "आम्ही खोटं बोललो."

डेल्बर्टने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने चर्चमध्ये शिवी दिली.

"मुलं बसमध्ये झोपत नाहीत," ती पुढे म्हणाली. "वेंडेल आठवड्यातून तीनदा ओकतो. त्याची आई दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशव्या देते त्याला. पाचवीतल्या एका मुलीने सकाळी पाणी पिणंच सोडलंय, कारण बस मधे थांबत नाही. त्या मुलीचं नाव मी सांगणार नाही. तिच्या घरचे विचारणाऱ्याला सांगतात की बस छान गरम असते. असते. दोन वर्षांपूर्वी मला जिल्ह्याने विचारलं, शाळा बंद केली तर चालेल का. मी म्हणाले, जमवून घेऊ. जमलं नाही. ते मी बोलले, म्हणून आता हेही मीच बोलायला हवं." तिला दम लागला होता. "पैसे हवेत. मागितलेत तेवढे सगळे."

बटाग्लिया कागद उलटसुलट करत होता.

"हे फेब्रुवारीत का नाही सांगितलंत मला?" तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "मी सरळ विचारलं होतं."

"सांगितलं होतं त्यांनी, डॉमिनिक," क्वामबाई म्हणाल्या. "साठ माणसं उणे अठ्ठावीसमध्ये येऊन उभी राहिली. अजून काय नाचायला हवं होतं?"

तिघांनी डोकी जवळ आणून कुजबूज केली. मग क्वामबाईंनी चष्मा काढला. "हे बघा, यंदाची रक्कम बरीचशी वाटून झालीय. दोन तृतीयांश लगेच देता येईल. तेवढ्यात भागेल?"

"अहो, भरपूर झा..." डेल्बर्टचं तोंड उघडलंच होतं. मार्लिसने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय ठेवला आणि सगळं वजन त्यावर टाकलं. एकतीस वर्षं पिठाची पोती उचललेल्या बाईचं वजन होतं ते. डेल्बर्टचं वाक्य तिथेच मेलं.

"नाही भागणार," मार्लिस म्हणाली.

तिला वाटलं, आता आपल्याला हाकलतील. आईची आठवण येत होती, आणि आई अजिबात खूश दिसत नव्हती. पण कुणी हाकललं नाही. क्वामबाईंनी बटाग्लियाकडे पाहिलं, बटाग्लियाने आकड्यांच्या तक्त्यावर पेन फिरवलं, एक ओळ खोडली, दुसरीकडे लिहिली, आणि मान हलवली. इतकं सोपं असतं हे मार्लिसला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

"पूर्ण रक्कम," क्वामबाई म्हणाल्या. "पत्र आठ दिवसांत मिळेल. इमारत थांबवून ठेवायला जिल्ह्याला मी आजच फोन करते." मग फाइल मिटत त्यांनी शेवटचं विचारलं, "अजून काही?"

आमच्याकडे हा प्रश्न नसतो. ही निरोपाची खूण असते. ऐकणाऱ्याने दोन्ही मांड्यांवर थाप मारायची, "चला तर मग" म्हणायचं आणि उठायचं. डेल्बर्टने थाप मारली होती. तो अर्धा उठला होता, लंगडत.

"हो," मार्लिस म्हणाली.

डेल्बर्ट अर्धवट उभा तसाच राहिला.

"स्वयंपाकघर हवंय. अर्जात नाही, कारण मीच खोडलं. लोकांना वाटेल, ही स्वतःच्या नोकरीसाठी शाळा उघडतेय, म्हणून खोडलं." तिने टेबलाची कड घट्ट धरली. "तसं आहेच ते. पोरांना गरम जेवण मिळायला हवं हे खरंय. पण ते दुसरं कुणीही करू शकतं, आणि मला ते दुसरं कुणी करायला नकोय. मला करायचंय. मला तिथे परत रांधायचंय."

डेल्बर्ट हळूच खाली बसला. तो छताकडे बघत होता, आणि त्याची मान कॉलरपर्यंत लाल झाली होती. मग छताकडेच बघत तो म्हणाला, "ती करते ते चांगलं असतं." केट्टूच्या मापाने हे भाषण होतं.

बटाग्लियाने तक्ता परत स्वतःकडे ओढला. "उपकरणांचं सदर अजून बंद झालेलं नाही," तो म्हणाला.

क्वामबाईंनी मिटलेली फाइल उघडली आणि पेनचं टोपण काढलं.

"किती हवेत?"

मार्लिसने आकडा सांगितला, आणि त्यातून काही कमी केलं नाही.